मार्चमधला गोठलेला तलाव: फूटभर जाड बर्फावरही पाय का ठेवू नये

मुलुंडच्या एका आजी-आजोबांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला राहते, घर मेंडोटा तलावाला लागून. जानेवारीत व्हिडिओ कॉलवर लोक तलावावर चालताना, भोकं पाडून मासे धरताना दिसत होते. हे दोघं मार्चच्या मध्यावर पोहोचणार आणि मेअखेर परतणार. आता तिथे दोन दिवस दुपारचं तापमान १२ अंशांवर गेलंय आणि तलाव काळसर दिसायला लागलाय. जावई म्हणतो, बर्फ अजून फूटभर जाड आहे. तर पाच वर्षांच्या नातवाला घेऊन निदान काठाकाठाने तरी बर्फावर फिरता येईल का? आणि हा बर्फ जातो तरी कधी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. काठाकाठाने तर मुळीच नाही, कारण मार्चमध्ये काठ हीच सगळ्यात कच्ची जागा असते. जावई जाडीबद्दल खरं सांगत असेल, पण मार्चमधल्या बर्फाची ताकद जाडीवरून कळत नाही.

जाडीचे जे आकडे लोकांच्या तोंडी असतात ते हिवाळ्याचे आहेत. शेजारच्या मिनेसोटा राज्याचं निसर्गसंपदा खातं सांगतं की नवा, पारदर्शक बर्फ ४ इंच, म्हणजे साधारण १० सेंटिमीटर असेल तर एक माणूस पायी जाऊ शकतो. बर्फ पांढरा, दुधट असेल तर जाडी दुप्पट धरायची, कारण त्यात हवेचे बुडबुडे कोंडलेले असतात. हा हिशोब डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या, कडक थंडीत तयार झालेल्या बर्फाला लागू पडतो. एकदा दुपारी पाणी सुटायला लागलं की ३० सेंटिमीटरचा थरही पायाखाली विरून जाऊ शकतो. असं का होतं ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे नातवालाही सांगता येईल.

भाऊच्या धक्क्यावर किंवा मासळीबाजारात बर्फाची लादी पाहिलीच असेल. कडेला काचेसारखी स्वच्छ, मधोमध पांढरी. साच्यातलं पाणी बाहेरून आत गोठत जातं आणि गोठताना त्यातली हवा आणि क्षार पुढे पुढे ढकलतं. शेवटी सगळं मध्यभागी कोंडतं, म्हणून तिथे पांढरा गाभा दिसतो. तलावात हेच वरून खाली घडतं. बर्फाचे स्फटिक उभे, खांबांसारखे खाली वाढतात आणि पाण्यातली अशुद्धी दोन खांबांमधल्या सांध्यांत साठते. अशुद्ध पाणी शून्याच्या जरा खालीच वितळतं. त्यामुळे वसंतातलं ऊन थरात शिरलं की आधी सांधे सुटतात आणि खांब मात्र शाबूत राहतात. वरून पाहिलं तर जाडी तेवढीच असते, पण आता तो एकसंध थर नसून शेजारी शेजारी उभ्या ठेवलेल्या मेणबत्त्यांचा जुडगा असतो. तिथले लोक त्याला कँडल आइस म्हणतात. काठावर आलेला असा एक तुकडा हातमोजे घालून उचला आणि हलकेच दाबा: हातात बोटाएवढ्या रुंद, वीतभर लांब काचेच्या कांड्या सुट्या होतात. हे नातवासोबत किनाऱ्यावर उभं राहून जरूर करून बघा. शब्दाने पटत नाही ते तिथे क्षणात पटतं.

आता उन्हाचा हिशोब. तो विजेच्या युनिटमध्ये मांडला की डोक्यात पक्का बसतो. एक चौरस मीटरचा, ३० सेंटिमीटर जाडीचा बर्फ म्हणजे सुमारे २७५ किलो. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे त्या चौरस मीटरला साधारण २५ युनिट (एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल). मार्चअखेरीस त्या अक्षांशावर एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास ऊन पडतं. म्हणजे सगळंच्या सगळं ऊन कामी आलं तरी सहा दिवस लागावेत. प्रत्यक्षात बरंच ऊन परत फेकलं जातं, रात्री थंडी काही कमाई हिरावून घेते, म्हणून दोन-तीन आठवडे सहज निघतात. दोन दिवस १२ अंश झाले म्हणून तलाव मोकळा होत नाही तो यामुळे. पण सांधे सुटायला पूर्ण २५ युनिट लागत नाहीत. थोडं ऊनही तेवढं काम करून जातं, आणि जाडी कायम असताना बर्फ दुबळा होतो.

इथे एक फरक लक्षात ठेवा. आकाशातून पडतं ते हिम, आणि तलावाचं पाणी गोठून होतो तो बर्फ. ताजं हिम पडलेल्या उन्हापैकी ८० टक्क्यांहून अधिक परतवतं, त्यामुळे तलावावर हिमाची चादर असेपर्यंत बर्फ उन्हापासून झाकलेला असतो. ऊबदार दुपारी किंवा पावसाने ती चादर गेली की उघडा बर्फ ऊन पिऊ लागतो, काही ऊन आरपार जाऊन खालचं पाणीही तापवतं, आणि मग थर वरून, आतून आणि खालून असा तिन्हीकडून खचतो. तुम्हाला दिसलेला काळसर रंग मळाचा नाही. सुटलेल्या सांध्यांत पाणी भरलं की बर्फातून खालचं गडद पाणी दिसायला लागतं. यात एक गोंधळ हमखास होतो: डिसेंबरमधला नवा, स्वच्छ बर्फही काळा दिसतो आणि तो सगळ्यात मजबूत असतो. रंग तोच, अर्थ उलटा. म्हणून कुणी 'काळा बर्फ पक्का असतो' असं सांगितलं तर आधी महिना कोणता ते पाहा. करडा, पाणचट, स्पंजासारखा दिसणारा बर्फ मात्र कोणत्याही महिन्यात वाईटच.

काठाकडे वळू. किनाऱ्यावरची माती, दगड, धक्क्यांच्या भिंती गडद असतात, तापतात. उथळ पाण्याचा तळही तापतो. रस्त्यावरचं वितळलेलं हिम गटारांच्या तोंडाने तलावात येतं ते इथेच. त्यात तलावाची पातळी वर येते आणि मधला बर्फाचा थर काठापासून सुटून तरंगायला लागतो. म्हणून आधी काठाला हातभर, मग चार-पाच फूट रुंद पाण्याचा पट्टा तयार होतो. सकाळी त्यावर पातळ पापुद्रा धरतो आणि तो पलीकडच्या बर्फाशी एकजीव झाल्यासारखा दिसतो. पाय पडतो तो नेमका तिथे. मेंडोटाला उत्तरेकडून याहारा नदी येऊन मिळते आणि टेनी पार्कजवळच्या बंधाऱ्यातून ती पुढे मोनोना तलावाकडे जाते. नदी जिथे येते, जिथे जाते, पुलाखाली, झऱ्यावर, आणि खासगी धक्क्यांभोवती बर्फ धरू नये म्हणून जिथे पाण्यात हवेचे बुडबुडे सोडतात, तिथे भर जानेवारीतही बर्फ पातळ असतो. जुहूला जुलैत पाण्यात उतरू पाहणाऱ्या पाहुण्याला कोळी बांधव हटकतात, कारण त्यांना वाळूखालचे खड्डे आणि ओढ ठाऊक असते. इथे ते काम काठावर लावलेल्या पाट्या करतात. पाटी नसली म्हणजे परवानगी आहे असं मात्र समजू नका.

सकाळचा बर्फ फसवतो. रात्री उणे ४-५ झालं की वरचं साठलेलं पाणी गोठून कडक कवच होतं, त्यावर बूट वाजतो, माणसाला धीर येतो. खालचे सुटलेले सांधे त्या एका रात्रीत पुरते जुळत नाहीत. अकरा-बाराच्या उन्हात कवच गेलं की परतीची वाट आलेल्या वाटेसारखी राहत नाही. आवाजावरही भरवसा ठेवू नका. कडक थंडीत जाड बर्फ आकुंचन-प्रसरणाने तोफेसारखे आवाज करतो, ऐकून छाती धडधडते, पण तेवढ्याने तो मोडत नाही. उलट वसंतातला कुजका बर्फ तडा गेल्याची कसलीही वर्दी न देता, ओल्या साखरेसारखा खाली बसतो. आणि 'तो बघा, एक जण अजून मासे धरत बसलाय' हाही पुरावा नव्हे. मासेमारीच्या झोपड्या मार्चमध्येच बर्फावरून हलवाव्या लागतात असा त्या राज्याचा नियम आहे, तो याच कारणाने.

बर्फ जातो कधी? मेंडोटाच्या नोंदी १८५० च्या दशकापासून ठेवल्या गेल्या आहेत, जगातल्या लांबलचक तलाव-नोंदींपैकी ही एक. तलाव उघडल्याची सर्वांत उशिराची तारीख ६ मे १८५७ आणि सर्वांत लवकरची २७ फेब्रुवारी १९९८. सर्वांत लांब गोठण १८८०-८१ च्या हिवाळ्यात १६१ दिवसांची, सर्वांत आखूड २००१-०२ मध्ये अवघ्या २१ दिवसांची. जुन्या काळी तलाव सरासरी चार महिने गोठलेला असे, आता जेमतेम तीन. अलीकडच्या वर्षांत मार्चचा उत्तरार्ध ते एप्रिलचा पहिला आठवडा ही सर्वसाधारण वेळ धरा, पण एखादं वर्ष फेब्रुवारीतच उरकतं. तेव्हा तुम्ही पोहोचाल तोवर तलाव पूर्ण मोकळाही झालेला असू शकतो. 'उघडला' कधी म्हणायचं याचा त्यांचा निकषही जुना आहे: तलावात शिरलेल्या पिकनिक पॉइंट या टोकापासून पूर्व काठावरच्या मेपल ब्लफपर्यंत होडी नेता आली की तलाव उघडला. कुठे कोपऱ्यात बर्फ उरला असला तरी चालतो.

शेवटचा घाव वारा घालतो. मेंडोटाचं क्षेत्रफळ जवळजवळ ४० चौरस किलोमीटर आहे, आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दोन-पंचमांश इतकं. एवढ्या पसाऱ्यावर मेणबत्त्या झालेला बर्फ आणि काठाला मोकळं पाणी अशी स्थिती आली की एखाद्या वाऱ्याच्या दिवशी सगळा थर हलतो, फुटतो आणि काही तासांत दिसेनासा होतो. सकाळी पांढरा-करडा तलाव पाहून बाजारात गेलात तर संध्याकाळी निळ्या लाटा दिसतील. तो दिवस मिळाला तर सोडू नका. वाऱ्याच्या समोरच्या किनाऱ्यावर सुट्या कांड्या लाटांबरोबर एकमेकींवर आपटत असतात आणि तो आवाज हुबेहूब काचेच्या बांगड्यांचा असतो, हजारो हातांतल्या बांगड्या एकदम किणकिणाव्यात तसा. पाहायचं मात्र काठापासून दहा-पंधरा मीटर मागे राहून. वाऱ्याने ढकललेला बर्फ किनाऱ्यावर चढतो, माणसाच्या उंचीचे ढिगारे रचतो, धक्के आणि कठडे मोडतो. थर सरकायला लागला की तो हळू वाटतो, पण थांबत नाही. त्या ढिगाऱ्यावर चढून फोटो काढायचा मोह नातवालाही होईल आणि मोठ्यांनाही. आत पोकळ्या असतात आणि पलीकडे लगेच पाणी असतं, म्हणून नको.

पाहायला जागा कोणती, तर विद्यापीठाच्या मेमोरियल युनियन या विद्यार्थी केंद्राचं मोकळं अंगण काठालाच लागून आहे, आणि आत गरम कॉफी. चालायचं असेल तर पिकनिक पॉइंटची पायवाट, पण ती मार्चमध्ये चिखलाची आणि सकाळी निसरडी असते.

आता जे घडू नये पण माहीत असावं ते. कुणी बर्फातून खाली गेलंच तर पहिला एक मिनिट श्वासाचा असतो. शून्याजवळच्या पाण्यात पडताच छाती आपोआप धापा टाकते, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर माणूस तिथेच बुडतो. त्या मिनिटात धडपड न करता फक्त तोंड वर ठेवायचं आणि श्वास आवरायचा. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय ऐकतात. शुद्ध हरपायला मोठ्या माणसाला तासाभराच्या आसपास लागतो, लहान मुलाला बराच कमी वेळ. म्हणजे जे करायचं ते त्या दहा मिनिटांत. कोट काढू नये, त्यात अडकलेली हवा तरंगायला मदत करते. ज्या दिशेने आलो त्या दिशेला तोंड करायचं, कारण तिथल्या बर्फाने नुकतंच आपलं वजन पेललं होतं. दोन्ही कोपरं बर्फावर, पाय मागे पाण्यात जोरात मारत अंग आडवं करायचं आणि मासा काठावर येतो तसं पोटावर सरकत वर यायचं. कडा मोडत राहिली तरी तसंच पुढे जायचं. वर आल्यावर उभं राहायचं नाही. लोळत, मग रांगत, आलेल्या वाटेने काठ गाठायचा.

काठावरच्या माणसाने मागोमाग धावायचं नाही. एकाचे दोन होण्याची हीच रीत आहे, आणि कुत्रा पडला म्हणून मागे गेलेली माणसंही अशीच जातात. ९११ लावा. अमेरिकेत कुठल्याही चालू फोनवरून तो लागतो, भारतातलं सिम असलं तरी. नाव-गाव नंतर, आधी ठिकाण सांगा: कोणती बाग, कोणता रस्ता, काठापासून किती अंतरावर. मग ओरडून धीर द्या आणि काहीतरी फेका किंवा पुढे करा: दोर, कुत्र्याचा पट्टा, शिडी, लांब फांदी, गाठ मारलेल्या दोन शाली. पुढे करताना स्वतः जमिनीवर पालथं पडा, म्हणजे ओढले जाणार नाही. माणूस बाहेर आला की ओले कपडे उतरवून कोरडं पांघरूण घाला, आधी छाती-पोट आणि मान गरम करा. हातपाय चोळू नका, गरम पाण्याने आंघोळ घालू नका, दारू तर नाहीच. पूर्ण शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम, गोड चहा चालेल. चालवू नका, झोपवून ठेवा.

तुमच्या वयाच्या माणसांसाठी मात्र सगळ्यात मोठा धोका तलावावर नाही, फुटपाथवर आहे, आणि याकडे मुंबईहून जाणाऱ्यांचं हमखास दुर्लक्ष होतं. दुपारी वितळलेलं हिम रस्त्यावर पसरतं, रात्री गोठतं, आणि सकाळी डांबरावर काचेचा न दिसणारा लेप असतो. नुसती ओल आहे असं वाटून पाऊल टाकलं की घसरलंच. त्यात खुब्याचं हाड गेलं तर सगळी सहल दवाखान्यात. म्हणून सकाळचा फेरफटका दहाच्या आधी नको. बुटावर चढवायचे रबरी पट्टे मिळतात, खाली धातूचे दाते किंवा स्प्रिंगा असलेले. तिथे पोहोचल्या दिवशी घ्या. दुकानात किंवा घरात शिरताना ते काढायचे, कारण गुळगुळीत लादीवर तेच घसरतात. पावलं छोटी, पूर्ण तळवा टेकवून, अंग किंचित पुढे, हात खिशाबाहेर. दारात मीठ टाकतात ते साधारण उणे ९ अंशांपर्यंत काम करतं. त्याखाली थंडी गेली तर वाळू किंवा बारीक खडी, निदान पकड तरी मिळते. आणि इथून नेलेले चालायचे बूट तळाला झिजलेले असतील तर ते इथेच ठेवा.

कपड्यांबाबत एवढंच की हवेच्या आकड्यावर जाऊ नका. शहरात १२ अंश असताना बर्फावरून येणारा वारा काठावर चांगलाच झोंबतो. टोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट एप्रिलभर लागेल.

बर्फ गेल्यावर थोडे दिवस पाण्याला वास येऊ शकतो. पाणी सगळ्यात जड असतं ते ४ अंशांना. हिवाळाभर तळाशी ४ अंशांचं जड पाणी आणि वर बर्फालगत शून्याचं हलकं पाणी अशी उतरंड असते. बर्फ गेला, वरचं पाणीही ४ अंशांवर आलं की उतरंड मोडते, आणि वारा तलाव तळापासून ढवळून काढतो. तळाशी कुजलेल्या गाळाचा वास तेव्हा वर येतो आणि त्याच वेळी तळाला ताजा प्राणवायू मिळतो. काठाला मेलेले मासे दिसले तर घाबरू नका. बर्फाखाली, विशेषतः उथळ जागी, प्राणवायू कमी पडून मेलेले मासे याच दिवसांत वर येतात. मुलाने त्यांना हात लावू नये आणि कुत्र्याने खाऊ नयेत, एवढं पाहा.

पक्ष्यांसाठी मात्र हे दिवस सोन्याचे. बर्फाला पहिली फट पडली की उत्तरेकडे निघालेली बदकं त्या मोकळ्या पाण्यात दाटीवाटीने उतरतात, आणि बर्फाच्या कडेवर टकल्या गरुड मासळीची वाट पाहत बसलेला दिसतो. क्रौंचांच्या जोड्या मार्चमध्ये आसपासच्या शेतांत परततात, त्यांची हाक दोन किलोमीटरवरूनही ऐकू येते. दुर्बीण सामानात टाका.

होड्या एप्रिलमध्ये पाण्यात उतरतील आणि जावई हौसेने बोलावेल. त्या वेळी हवा २० अंश असली तरी पाणी ५-६ अंशांचं असतं आणि पडल्यावरचं ते पहिलं मिनिट जसंच्या तसं लागू होतं. मेच्या मध्यापर्यंत होडीत बसायचं तर लाइफ जाकीट अंगात घालून, पट्टे आवळूनच. नातवाचं त्याच्या वजनाच्या मापाचं हवं: खांद्याशी धरून वर उचललं तर हनुवटी आणि कान त्यात बुडता कामा नयेत.